भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलवरून प्रदक्षिणा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

भंडारदऱ्याला माउंटन बाइक न्यायची म्हटलं की नवीन माणूस हमखास विचारतो, "तिथे ट्रेल कुठे सुरू होते?" तर सायकलसाठी आखलेल्या, बाण रंगवलेल्या ट्रेल तिथे नाहीत. जलाशयाला वळसा घालणारा एक अरुंद रस्ता आहे. त्या रस्त्यातून वाड्यांकडे, भातखाचरांकडे आणि पाण्याकडे फुटणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा आहेत. सायकलिंगची खरी मजा या फाट्यांवरच आहे. पण त्या वाटा कुणाच्या तरी रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. शेतात, पाणवठ्यावर, देवळात, शाळेत जाण्याच्या. त्या कशा शोधायच्या आणि कुठे थांबायचं हे कळलं, तर बाकी सगळं सोपं आहे. फिटनेसची काळजी लोक उगाच जास्त करतात.

थोडी जागेची ओळख. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि शेंडी गावाजवळ तिला अडवलंय ते भंडारदरा धरण, म्हणजे विल्सन डॅम. काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. मागचा तलाव कागदोपत्री आर्थर लेक, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. भोवतीचा बहुतेक भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. तालुका अकोले, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर. धरण पूर्वेच्या टोकाला आहे आणि पाणी पश्चिमेला थेट घाटमाथ्याच्या जवळपर्यंत पसरलंय. नकाशाची इतकी एक गोष्ट लक्षात ठेवली की दिशाभूल होत नाही.

१. आधी महिना ठरवा, मग तारीख

पहिल्या खेपेला ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. पाऊस सरलेला असतो, तलाव भरलेला असतो, ओढ्यांना पायापुरतं पाणी असतं आणि वाटांवरचा मुरूम दबून बसलेला असतो. डिसेंबरात सकाळी बोटं आखडतील इतकी थंडी पडते, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी आणि मळणी चालू असते. कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेला दिसेल. मोकळी जागा दिसत नाही म्हणून त्यावरून चाक नेऊ नका. खाली उतरा, सायकल हातात धरून बाजूने जा.

जून ते सप्टेंबर हा नवख्याचा काळ नव्हे. घाटघर आणि रतनवाडी ही जिल्ह्यातली सर्वांत जास्त पावसाची ठिकाणं. धुकं असं दाटतं की पुढच्या वळणावरची जीप आवाजावरूनच कळते. फरशी पुलांवरून पाणी जातं, दरडीचे दगड रस्त्यावर येतात आणि गाडीवाटांचा तर निव्वळ राडा झालेला असतो. पावसात जायचंच असेल तर डांबरीवरच राहा आणि शनिवार-रविवार टाळा.

मे अखेर ते जूनचा मध्य काजव्यांचा. त्या काळात सायकल घेऊन येऊच नका. रात्री शेकडो गाड्या त्याच अरुंद रस्त्यावर असतात. शिवाय हेडलाइटचा झोत काजव्यांना जितका नकोसा, तितकाच तुमच्या सायकलचा हजार ल्युमेनचा दिवाही.

मार्च ते मेचा मध्य गरम असतो, पण त्याचं वेगळं आकर्षण आहे. पाणी ओसरतं आणि तलावाचा काठ उघडा पडतो. त्याबद्दल सातव्या पायरीत.

२. कागदपत्रं आणि नाका

अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी लागते. पावती परतेपर्यंत जपून ठेवा. दर बदलत असतात, म्हणून सुटे पैसे जवळ असू द्या. रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत आणि नाक्यावरचा माणूस तरी काय करणार.

सोबत ठेवायचं:

- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत आणि एक झेरॉक्स
- प्रवेशाची पावती
- रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचे दोन नंबर लिहिलेला कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत
- सायकल रेल्वेने आणली असेल तर लगेजची पावती
- रोख रक्कम, त्यातल्या बऱ्याच दहा-वीस-पन्नासच्या नोटा

रस्ते आणि गावाच्या वहिवाटीच्या वाटा एवढ्यापुरतंच राहायचं. रान तुडवत नवी वाट पाडायची नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यातला प्रवेश हा परवानगीचा विषय आहे आणि आत आग लावणं गुन्हा आहे. शेकोटी पेटवायची हौस असेल तर ती घरी भागवा. ड्रोन उडवायचा विचारही नको. अंधार पडल्यावर जंगलातल्या वाटांवर सायकल चालवायची नाही. बिबट्या या भागात आहे आणि त्याची फिरायची वेळ तीच.

३. सायकल कशी हवी

महागडी नको, धडधाकट हवी. पुढे १०० मिलिमीटरचं सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल) पुरते. फुल सस्पेन्शनची इथे गरज नाही, चढावर उलट तिचं वजनच जाणवतं. हायब्रिड (मुख्यतः रस्त्यासाठीची सायकल) घेऊन डांबरी फेरी होते, पण गाडीवाटेवर उतरलात की मनगटं बोलायला लागतात.

जीव टायरमध्ये आहे. इथला दगड काळा कातळ. फुटला की त्याची धार राहते. टायर किमान २.१ इंच रुंद हवा, २.२५ असेल तर उत्तम. साधी ट्यूब असेल तर हवा ३० ते ३५ पीएसआय ठेवा. त्याहून कमी ठेवली तर दगडाची कड रिमवर आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर २५च्या आसपास चालेल. पण आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) निघायच्या आधी बघा. उन्हाळ्यात ते टायरमध्ये वाळून गेलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. काटे म्हणाल तर बोराटी, करवंद, बाभूळ सगळं आहे. कुंपणाला तोडून लावलेल्या काटेरी फांद्यांचे तुकडे वाटेवर पडलेले असतात. सर्वांत जास्त पंक्चर तिथेच होतात.

हे सामान सोबत हवंच: दोन जादा ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी एक), पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, चेन तोडायचं हत्यार आणि क्विक लिंक (चेन जोडायची कडी), मागच्या डिरेलरचा जादा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला अडकवणारा धातूचा तुकडा), ब्रेक पॅडची एक जोडी, झिप टाय, थोडी चिकटपट्टी. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुकानात सायकल घेऊन जाऊन तंतोतंत तोच घ्या. शेंडी-राजूरला पंक्चर काढून मिळेल, पण हँगर किंवा डिस्क ब्रेकचं सामान मिळणार नाही. त्यासाठी नाशिक गाठावं लागेल.

पाणी तीन लिटर. बाटल्यांपेक्षा पाठीवरची पाण्याची पिशवी बरी, कारण खडबडीत उतारावर बाटल्या उडून जातात.

४. सायकल तिथवर न्यायची कशी

मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीला हायवे सोडायचा आणि बारी-वारंघुशीमार्गे शेंडी गाठायची. घोटीपासून तीस-पस्तीस किलोमीटर. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, त्यामुळे सुट्टीच्या पहाटे तिथे ट्रेकरांच्या बसेस उभ्या असतात. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे.

कारच्या मागे रॅक लावून नेणं सर्वांत सोपं. रॅकचे पट्टे घोटीला एकदा परत आवळा, कारण तोवर ते सैल झालेले असतात. रेल्वेने यायचं तर सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करावी लागते. इगतपुरी जवळचं स्टेशन असलं तरी मोठ्या स्टेशनवर, म्हणजे नाशिक रोडला, उतरवून घेणं सोयीचं पडतं. एसटीचं म्हणाल तर टपावर कॅरिअर असलेली गाडी मिळाली आणि कंडक्टर साहेब राजी असले तरच. नव्या गाड्यांना टपावर काही बांधायची सोयच नसते. त्या भरवशावर निघू नका.

कसारा घाट सायकलने चढून यायची टूम अधूनमधून कुणीतरी काढतं. ट्रकांच्या रांगेत धूर खात चढायचं असेल तर खुशाल. दुसऱ्या दिवशी पाय शिल्लक राहत नाहीत, एवढं सांगून ठेवतो.

५. पहिला दिवस: फक्त रतनवाडीपर्यंत आणि परत

अख्खी फेरी पहिल्याच दिवशी करायचा मोह आवरा. शेंडीहून दक्षिण काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. एकेरी अंतर २० किलोमीटरच्या आतबाहेर. हा पट्टा तुम्हाला इथली जमीन शिकवतो. डांबर कुठे संपतं, मुरूम कसा सरकतो, वळणावर पालापाचोळ्याखाली खडी कशी दडलेली असते, हे सगळं इथे कळतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडातलं, बाहेरून कोरीव कामाने भरलेलं. जवळ पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. सायकल देवळाच्या दगडी भिंतीला टेकवून फोटो काढू नका. पेडलची पिन कोरीव कामावर ओरखडा उठवते. आवाराबाहेर लावा. जेवण आधी फोन करून सांगितलेलं असेल तर इथल्या घरांत नागलीची भाकरी, पिठलं, भात, ठेचा असं ताजं मिळतं. न सांगता गेलात तर मावशींना तुमच्यासाठी चूल पुन्हा पेटवावी लागते, आणि त्या पेटवतातही. सांगून जा. मागतील ते पैसे द्या, घासाघीस करू नका.

रतनगडावर सायकल नेता येत नाही. खांद्यावरही नाही, वर शिड्या आहेत.

६. दुसरा दिवस: पूर्ण फेरी

एकूण अंतर ४० ते ४५ किलोमीटर, तुम्ही किती फाटे घेता त्यावर. दिशा प्रदक्षिणेची ठेवा: तलाव उजव्या हाताला. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. याला कारण देवधर्माचं नाही, चढाचं आहे: रतनवाडी ते साम्रदचा दमवणारा टप्पा सकाळी ताज्या पायांनी होतो. उन्हाचं म्हणाल तर सकाळी पश्चिमेला जाताना ते पाठीवर असतं आणि दुपारनंतर पूर्वेला परतताना पुन्हा पाठीवरच.

सकाळी साडेसहाला, फटफटताच निघा. रतनवाडीनंतर साम्रदपर्यंतचा टप्पा चढउताराचा आहे आणि रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते. सगळा दम इथे खर्च करू नका, हलक्या गिअरवर बसल्या-बसल्या चढा. साम्रदजवळ सांदण दरीकडे जाणारा फाटा लागतो. दरीच्या तोंडापर्यंत बघायला जा, पण सायकल गावात ठेवून. आत मोठमोठे दगड आहेत, पाण्यातून जावं लागतं आणि पुढे दोर लावल्याशिवाय उतरता येत नाही.

इथे एक सापळा आहे. मोबाइलचा नकाशा साम्रद आणि घाटघरजवळ कोकणात उतरणाऱ्या वाटा ठिपक्यांनी दाखवतो आणि "शहापूर बाजूला उतरून गेलो तर?" असं कुणाला तरी सुचतं. साम्रदची करोली घाटवाट आणि घाटघरहून चोंढ्याकडे उतरणारी वाट, दोन्ही चालणाऱ्यांच्या घाटवाटा आहेत. नकाशावर चार सेंटिमीटर दिसणारी रेघ म्हणजे सह्याद्रीचा अख्खा कडा. तिकडे चाक वळवू नका.

घाटघरला कोकणकड्यावर थांबा. सायकल कड्यापासून लांब आडवी टाका, स्टँडवर उभी करू नका. वाऱ्याने ती पडते आणि घरंगळते. इथेच २५० मेगावॉटचा घाटघर उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना खाली चोंढ्याच्या धरणातलं पाणी पंपाने वर आणतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. प्रकल्पाच्या हद्दीत, पाटी असेल तिथे, शिरू नका. तिथला पहारेकरी वाद घालत नाही, सरळ परत पाठवतो.

घाटघरहून परतीचा उत्तर काठ त्या मानाने मोकळा. उडदावण्याच्या बाजूला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले डोक्यावर उभे असतात. वर बघत सायकल चालवायचा मोह होईल, पण हाच उताराचा पट्टा आहे आणि वळणांवर गुरं बसलेली असतात. घंटी हवीच. शहरात कुणी वाजवत नाही, इथे तिच्याशिवाय म्हैस हलत नाही.

दुपारी दोनच्या आत घाटघर सोडलेलं असावं. तोवर जेमतेम साम्रदला पोहोचला असाल तर पुढची फेरी विसरा आणि गावात जीप विचारा. सायकली टपावर बांधून शेंडीला सोडतात.

७. फाट्यांवर आणि काठावर उतरताना

आता मुख्य भाग. रस्ता सोडून कुठल्या वाटेवर जायचं?

ॲप उघडण्याआधी माणूस शोधा. गुरं राखणारे बाबा, शाळेतून परतणारी पोरं, डोक्यावर भारा घेतलेल्या मावशी. आधी राम राम, मग प्रश्न. प्रश्न कसा विचारता यावर उत्तर अवलंबून आहे. "सायकल जाईल का?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "जाईल की." कारण पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं, शिवाय त्यांच्या डोळ्यांसमोर खांद्यावर घेऊन नेलेली सायकलही असते. "बैलगाडी जाते का?" असं विचारा. गाडी जात असेल तर वाट सायकलजोगी आहे. "फक्त बैल जातात" म्हणाले तर चांगल्या चालवणाऱ्याला जमेल. "माणूस जातो" म्हणाले की तिथून मागे फिरा. अंतरही किलोमीटरमध्ये विचारू नका, "हे काय, इथंच" एवढंच कळेल. चालत किती वेळ लागतो ते विचारा आणि "जेवायच्या वेळेला निघालो तर कधी पोहोचू?" असं विचारलंत तर आणखी पक्कं उत्तर मिळतं.

भाताच्या बांधावरून सायकल चालवायची नाही, कधीच नाही. बांध मातीचा असतो, टायरची एक खोल रेघ पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटतं. रोपं लावायच्या आधी एप्रिल-मेमध्ये शेतात राब भाजलेला दिसेल, काळी राखेची चौकट. ती ओसाड जमीन नव्हे, तिथे पुढचं रोप टाकायचं असतं. वाटेत काटेरी झाप लावून अडवलेलं असेल तर ते उघडून जायचं आणि मागे जसं होतं तसं लावायचं.

मार्चनंतर पाणी मागे हटतं आणि काठावर मातीचे पट्टे उघडे पडतात. कडक, सपाट, भेगाळलेले, लांबून बघून हात शिवशिवावेत असे. यातल्या काही भागात गावकरी गाळपेर करतात, म्हणजे ओलीवर पीक घेतात. हिरवं काही दिसलं की तो भाग सोडायचा. उरलेल्या पट्ट्यावर जाण्याआधी गुरांच्या खुरांचे ठसे बघा. ठसा उथळ, कोरडा आणि कडा ठिसूळ असतील तर खालची माती घट्ट आहे. ठसा खोल असेल, तळाशी ओल चमकत असेल, तर वरचा थर नुसता पापुद्रा आहे. पापुद्र्यावर पुढचं चाक गेलं की ते जागच्या जागी रुततं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. त्याहून वाईट म्हणजे गाळात गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि मग सायकल सोडवायची की स्वतःला, असा प्रश्न पडतो. पाण्याच्या रेघेपासून चांगलं अंतर राखा आणि एकट्याने काठावर उतरू नका.

दुसऱ्यांच्या फेऱ्यांच्या जुन्या ट्रॅक फाइल (जीपीएसवर नोंदलेली वाट) डाउनलोड करून आलात तर हीच अडचण. कुणीतरी मेमध्ये काठावरून चालवलेली रेघ नोव्हेंबरात सरळ पाण्याखाली असते. फाइल कोणत्या महिन्याची आहे ते बघितल्याशिवाय तिच्या नादी लागू नका.

८. मुक्काम

शेंडीत हॉटेलं आहेत, वाड्यांत घरगुती सोय होते, काठावर तंबूंची शिबिरं आहेत. सायकलवाल्यांनी घरगुती मुक्काम घ्यावा. सायकल पडवीत सुरक्षित राहते, पहाटे चहा मिळतो आणि उद्याच्या वाटेची खबर रात्रीच्या जेवणावर आपोआप कळते. तंबूत शनिवारी रात्री गाण्यांमुळे झोप मिळेलच असं नाही.

९. काही बिघडलं तर

रेंज मधूनच येते, मधूनच जाते. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. कुठून निघालात आणि किती वाजता परतणार हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व इतर मदतीसाठी ११२, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. साप चावला तर कापाकापी, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला हलू न देता मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठायचं. कड्याकपारीला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता, अत्तर-धूर काही न उडवता तिथून निघून जायचं.

हेल्मेटबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी, तरी लिहितो: चढावर गरम होतं म्हणून काढून हँडलला अडकवायचं आणि उतारावर घालायचं विसरायचं, हे सर्रास होतं. डोक्यावरच ठेवा.

१०. निघण्याआधी

सायकल तलावावर किंवा ओढ्यात धुऊ नका. चेनचं तेल पाण्यात जातं आणि तेच पाणी पुढे गावाला प्यायला आहे. वाळलेली माती ब्रशने झाडा, चेन जुन्या फडक्याने पुसून तेल घाला, बाकी धुणं घरी. फाटलेल्या ट्यूब, जेलची पाकिटं, तुटलेले झिप टाय मोजून पिशवीत भरा आणि परत न्या. टायरच्या खाचांत रुतलेले काटेही इथेच उपटा. उरले तर ते गाडीच्या डिकीत आत सरकतात आणि घरी पोहोचेतो टायर बसलेला असतो.